शुद्ध भक्ती आणि भगवत्प्रेम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हरिपाठ संपल्यावर, सप्ताहातल्या पारायणाच्या मधल्या सुट्टीत, आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराबाहेर भिजत रांगेत उभं असताना, असे सगळीकडे हे प्रश्न कानावर येतात. विचारणाऱ्यांत नुकती नोकरीला लागलेली मुलं असतात आणि साठी उलटलेली माणसंही असतात. उत्तर देणारा वारकरी घरातला आहे. इतर वैष्णव संप्रदायांबद्दल इथे जे आलंय ते त्यांच्याच ग्रंथांना धरून आणि आदराने लिहिलंय.

शुद्ध भक्ती म्हणजे नेमकं काय?

देवावर प्रेम असावं आणि त्या प्रेमाच्या बदल्यात काहीही नको असावं, ही शुद्ध भक्ती. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिलमुनी आपल्या आईला, देवहूतीला, हेच समजावतात. गंगेचं पाणी जसं समुद्राकडे जातच राहतं तसं मन भगवंताकडे वाहत राहावं. त्याला काही कारण नसावं आणि मध्ये खंडही नसावा. चैतन्य महाप्रभूंचे शिष्य रूप गोस्वामी यांनी १५४१ साली पुऱ्या केलेल्या भक्तिरसामृतसिंधूत याला एक जोड दिली. दुसरी कोणतीही इच्छा नसणं एवढ्यावर ते थांबत नाहीत. जे करायचं ते कृष्णाला आवडेल असं करायचं, हेही ते सांगतात. नारदांच्या ८४ भक्तिसूत्रांतलं दुसरंच सूत्र भक्तीला परमप्रेम म्हणतं. आणि पुढे गोपींचा दाखला देऊन नारद सांगतात की त्याच्या सुखात आपलं सुख, हे जिथे नाही तिथे प्रेम नाही.

काळाचौकीच्या आमच्या जुन्या चाळीत एक आजी होत्या. पहाटे नळाचं पाणी भरून झालं की त्या चहा टाकायच्या. पहिला कप विठोबाचा. तो त्या आधी बशीत ओतायच्या, फुंकर घालायच्या, बशीच्या कडेला बोट लावून बघायच्या आणि मग देव्हाऱ्यापुढे ठेवायच्या. कुणी हसून म्हणालं की आजी, देवाला कसला चटका बसतोय, तर त्या चिडायच्या. ‘तुला देऊ का उकळता? पिशील?’ हातावरचं पोट होतं, मुलगा गिरणी बंद पडून घरी बसलेला होता. पण त्या चहाबरोबर त्यांनी काही मागितलेलं आम्ही कधी ऐकलं नाही. चहा गरम आहे की कोमट, एवढीच त्यांची चिंता. ग्रंथांतल्या व्याख्या पुढे वाचल्या, तेव्हा डोळ्यांपुढे त्या आजीच आल्या.

मग नवस बोलणं पाप आहे का?

पाप कशाला असेल? गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितलेत. त्यात संकटात सापडलेला आहे, पैसाअडका हवा असलेलाही आहे आणि भगवंत म्हणतात, हे सगळेच थोर आहेत. केईएम रुग्णालयाच्या वॉर्डाबाहेर रात्र काढणाऱ्या आईला ‘निष्काम हो’ असं सांगायला जाऊ नये. तिने हात जोडले, देवाचं नाव घेतलं, ते पोचलं.

फक्त तिथेच मुक्काम करू नये, एवढंच संतांचं म्हणणं आहे. ध्रुवाची गोष्ट आपण लहानपणी अर्धीच ऐकतो. सावत्र आईने बापाच्या मांडीवर बसू दिलं नाही म्हणून तो रानात गेला, तप केलं, देव भेटला, अढळपद मिळालं. भागवतात त्याच्यापुढचा भाग आहे. घरी परतताना ध्रुव खिन्न आहे. तो म्हणतो, दरिद्री माणसाने सम्राटापुढे जाऊन कोंडा मागावा तसं मी केलं. देव समोर उभा होता आणि मी मागितलं काय, तर मान! म्हणजे मागायला गेलेल्या पोराचं मन तिथवर जाऊन पालटलं. बहुतेकांचं असंच होतं. मागण्यासाठी देवळात जायला लागलेली माणसं पुढे मागणं विसरून जाताना मी पाहिली आहेत.

प्रल्हाद मात्र पहिल्यापासून स्पष्ट आहे. नृसिंह वर माग म्हणतो, तेव्हा हे पोर उत्तर देतं की जो तुझ्याकडून वर मिळवण्यासाठी सेवा करतो तो सेवक नाही, वाणी आहे. वर द्यायचाच असेल तर माझ्या मनात इच्छाच उगवू नये असं कर. आणि मग मागतो ते कुणासाठी? ज्याने त्याला कड्यावरून ढकललं, विष पाजलं, त्या बापाचं पाप धुतलं जावं म्हणून.

तुकोबांनी नवसाबद्दल फार रोखठोक लिहिलंय: ‘नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती’. ते प्रत्येक नवस बोलणाऱ्याने एकदा तरी शांतपणे वाचावं.

मोक्षसुद्धा नको? मग भक्ती करायची कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना आधी धक्का बसतो, कारण ‘सुटका’ हेच धर्माचं टोक असं आपण धरून चाललेलो असतो. वैष्णव परंपरा इथे वेगळी वाट धरते. कपिलमुनीच पुढे सांगतात: देवाच्या लोकात राहणं, त्याच्यासारखं ऐश्वर्य, त्याच्याजवळ असणं, त्याच्यासारखं रूप, त्याच्यात मिसळून जाणं, हे सगळं देऊ केलं तरी त्याचे भक्त सेवेखेरीज काही घेत नाहीत. गौडीय वैष्णव, म्हणजे बंगालच्या चैतन्य महाप्रभूंच्या परंपरेतले, म्हणूनच प्रेमाला पाचवा पुरुषार्थ म्हणतात. धर्म, अर्थ, काम, मोक्ष या चारांच्या पलीकडचा.

आपल्या हरिपाठाची पहिलीच ओळ आठवा. देवाच्या दारात क्षणभर उभं राहिलं की चारही मुक्ती साधल्या. पहिल्या ओळीतच मुक्तीचा हिशेब मिटला, आणि तरी पुढचे सगळे अभंग ‘हरि म्हणा, हरि म्हणा’ असंच सांगत राहतात. मुक्ती हेच शेवटचं स्टेशन असतं तर ज्ञानोबा माउली तिथेच थांबली असती. तुकोबा तर देवाकडे उलटंच मागणं मागतात. तुझा विसर पडू देऊ नकोस, संतांची संगत दे, आणि एवढं देणार असशील तर ‘गर्भवासीं सुखें घालावें आम्हांसी’. जन्ममरणाच्या फेऱ्याला भ्यालेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य येणार नाही.

प्रेमाचं सर्वोच्च उदाहरण म्हणून गोपीच का सांगतात? रात्री नवऱ्यांना सोडून गेलेल्या बायका आदर्श कशा?

हा प्रश्न विचारायला लाजू नका. भागवतात परीक्षित राजानेच तो शुकाचार्यांना विचारलाय, आणि आपल्यापेक्षा कडक शब्दांत विचारलाय: धर्म राखण्यासाठी अवतार घेतलेल्याने परस्त्रियांना स्पर्श कसा केला? शुकाचार्य एक गोष्ट आधीच बजावतात. सामान्य माणसाने याचं अनुकरण मनातसुद्धा करू नये; शंकराने विष पचवलं म्हणून दुसऱ्याने प्यायलं तर तो मरेल. रासलीलेचा आधार घेऊन कुणी स्वतःच्या वागण्याची सफाई द्यायला लागला, तर त्याला हा श्लोक दाखवावा.

आता गोपींकडे या. रासाच्या पाच अध्यायांतला चौथा, म्हणजे दहाव्या स्कंधाचा बत्तिसावा अध्याय, मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कृष्ण मध्येच नाहीसा झाला होता. यमुनेच्या वाळवंटात त्या रडल्या, त्याला हाका मारल्या, आणि तो परत आला. त्या रुसलेल्या आहेत. सरळ भांडण न करता त्या त्याला एक प्रश्न घालतात: काही लोक आपल्यावर प्रेम करणाऱ्यांवरच प्रेम करतात, काही प्रेम न करणाऱ्यांवरही करतात, आणि काही दोघांवरही करत नाहीत. हे काय ते सांग.

कृष्णाचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. पहिल्या प्रकाराला तो प्रेम मानायलाच तयार नाही. तू मला दिलंस म्हणून मी तुला देतो, हा स्वार्थ, त्यात स्नेह नाही की धर्म नाही. दुसऱ्यात दयाळू माणसं आणि आईबाप येतात. तिसऱ्यात आत्मानंदात बुडालेले येतात आणि कृतघ्नही येतात. मग स्वतःबद्दल बोलतो. मी लपलो ते तुमचं मन माझ्यातच गुंतून राहावं म्हणून. गरिबाला धन मिळून हरवलं की त्याला दुसरं काही सुचत नाही, तसं. आणि शेवटी देवच हात टेकतो. घरादाराच्या न तुटणाऱ्या बेड्या तोडून तुम्ही माझ्याकडे आलात, देवांचं आयुष्य मिळालं तरी मला हे ऋण फेडता येणार नाही; तुमच्या चांगुलपणानेच ते फिटो.

सगळ्या जगाला फळ देणारा इथे कर्जदार होऊन उभा आहे. गोपींनी काही मागितलं असतं तर तो देऊन मोकळा झाला असता. त्यांना काहीच नको होतं, म्हणून त्याच्याकडे द्यायलाच काही उरलं नाही. गोपींचा मोठेपणा इथे आहे, रात्रीच्या वेळेत नाही. चैतन्यचरितामृतात, म्हणजे महाप्रभूंच्या चरित्रात, काम आणि प्रेम यांतला फरक याच रेषेवर केलाय: स्वतःच्या इंद्रियांच्या सुखाची ओढ तो काम, कृष्णाच्या सुखाची ओढ ते प्रेम.

आणि ही रेषा फक्त देवापुरती नाही. संसारात ‘मी तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य जिभेवर येतं, तेव्हा आपण कुठे उभे आहोत ते यावरून कळतं.

जुहूला जाणारे, भुलेश्वरला जाणारे आणि आपण वारकरी: देव एकच ना? मग फरक काय?

देव एकच. नात्याची गोडी वेगळी.

जुहूच्या हरे कृष्ण मंदिराचं उद्‌घाटन जानेवारी १९७८ मध्ये झालं. ती परंपरा बंगालच्या चैतन्य महाप्रभूंची (१४८६–१५३४). तिथे शांत, दास्य, सख्य, वात्सल्य आणि माधुर्य असे पाच भाव सांगतात आणि राधेच्या माधुर्याला सगळ्यांच्या वर बसवतात. भुलेश्वरचं मोटा मंदिर ही पुष्टिमार्गाची हवेली, वल्लभाचार्यांच्या परंपरेतली. तिथे कृष्ण घरातलं मूल आहे. मंगलापासून शयनापर्यंत दिवसाची आठ दर्शनं, उन्हाळ्यात पंखा, थंडीत दुलई, दुपारच्या राजभोगाला वेगळा थाट. प्रेम हे आपल्या प्रयत्नाने येत नाही, त्याच्या कृपेने येतं, यावर त्यांचा सगळा भर.

आपल्याकडे काय आहे? वात्सल्य आपल्याकडेही आहे, पण उलट्या दिशेने. यशोदा कृष्णाची आई होते; आपण विठ्ठलालाच आई केलं. विठाई माउली. तो जनाबाईबरोबर दळायला बसतो, नामदेवाच्या हातचा नैवेद्य खातो. गौळणी आपल्याही भजनात आहेत, ज्ञानोबांच्या विरहिणी आहेत, पण चाळीतल्या साध्या माणसाच्या तोंडी जास्त करून येते ती हाक लेकराची. शिवाय रखुमाई शेजारी उभी आहे, म्हणजे आपला देव संसारी आहे.

चैतन्य महाप्रभू दक्षिणयात्रेत पंढरपूरला आले होते, असं चैतन्यचरितामृतात आहे. विठ्ठलापुढे ते नाचले. कुणाचा भाव वरचा यावरून वाद घालणाऱ्यांना हे सांगावं.

ज्ञानेश्वर तर अद्वैती. देव आणि भक्त एकच असतील तर प्रेम कोण कुणावर करणार?

याचं उत्तर माउलींनीच अमृतानुभवात दिलंय. डोंगर एकच, त्यातूनच देव कोरायचा, देऊळ कोरायचं, परिवारही कोरायचा. मग भक्तीचा व्यवहार तसा का होऊ नये? मुंबईकराला हे समजायला कठीण नाही. घारापुरीला जाऊन आलेल्या प्रत्येकाने खांब, गाभारा आणि मूर्ती एकाच कातळातून निघालेली पाहिलीय. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ते म्हणतात, ‘अद्वैती भक्ति आहे’, आणि लगेच जोडतात की हे अनुभवायचं आहे, बोलायचं नाही. रामानुज, मध्व, चैतन्य या परंपरा इथे सहमत होणार नाहीत. त्यांच्या मते सेवेसाठी दोनपण खरंखुरं हवं. वाद जुना आहे. भजन दोघंही करतात.

भजनात मला रडू येत नाही. माझी भक्ती खोटी आहे का?

नाही. उलट ज्यांना फार लवकर रडू येतं त्यांच्याबद्दल रूप गोस्वामींनी सावध केलंय. काहींचा स्वभावच पाझरणारा असतो, काहींना सवय होते, आणि आत काही नसतानाही डोळे भरतात, अंगावर काटा येतो. म्हणून ते भाव उगवल्याची दुसरी लक्षणं देतात: क्षोभाचं कारण असून न चिडणं, वेळ वाया न घालवणं, विषयांची ओढ कमी होणं, मोठेपणाची हाव जाणं, तो भेटेल ही आशा न सुटणं, नामाची गोडी लागणं. यातलं एकही लक्षण व्यासपीठावरून दिसत नाही. घरच्यांना दिसतं. गाडीत कुणी पायावर पाय दिल्यावर दिसतं.

जे भजन करत नाहीत त्यांच्याशी कसं वागावं?

भागवताच्या अकराव्या स्कंधात भक्तांच्या पायऱ्या आहेत. मूर्तीची श्रद्धेने पूजा करतो, पण देवाच्या भक्तांशी आणि इतर माणसांशी तसा वागत नाही, तो सगळ्यात खालचा. सर्वांत वरचा तो, ज्याला सगळ्या भूतांत भगवंत दिसतो. नाथांनी याच स्कंधावर एकनाथी भागवत लिहिलं, १५७३ साली काशीत पूर्ण केलं. रामेश्वराला न्यायची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केल्याची गोष्ट त्यांचीच सांगतात.

चोखोबांना जन्मभर महाद्वाराबाहेर उभं ठेवलं. पंढरपूरचं मंदिर दलितांना उघडावं म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. इतकी शतकं अभंग गाणाऱ्यांना हे दिसलं नाही, याची खंत वारकऱ्यांनी बाळगलीच पाहिजे. आजही सोसायटीच्या सत्यनारायणाला कुणाला बोलवायचं नाही हे ठरवणारे लोक हरिपाठाला पुढच्या रांगेत बसतात.

पाळीत नाम घेतलं तर चालतं का?

चालतं. चैतन्यांच्या शिक्षाष्टकात नामस्मरणाला काळाचा नियम नाही असं स्वच्छ म्हटलंय, आणि देहाच्या विटाळाबद्दल सोयराबाईंनी लिहिलेल्या अभंगानंतर बोलायला काही उरत नाही.

गुरूला तन, मन, धन अर्पण करावं असं सांगतात. कुठवर?

मुंबईने याचं उत्तर कोर्टात ऐकलंय. १८६२ साली तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात महाराज लायबल केस चालली. करसनदास मुळजी हे स्वतः वैष्णव घरातले पत्रकार. पुष्टिमार्गातल्या काही महाराजांनी, म्हणजे गुरूंनी, भक्तांच्या समर्पणाचा गैरफायदा घेतल्याचं त्यांनी छापलं, त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा झाला, समाजाने त्यांना वाळीत टाकायची भीती घातली. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी डॉक्टर म्हणून साक्ष दिली. करसनदास सुटले. नीतीने जे चूक ते धर्माने बरोबर ठरत नाही, असं निकालात म्हटलं गेलं.

हा दोष त्या वेळच्या काही माणसांचा. पुष्टिमार्गातली लाखो घरं तेव्हाही निष्ठेने सेवा करत होती आणि आजही करतात. पण नियम सगळ्यांना लागू. समर्पण देवाला. गुरू वाट दाखवतो. जो भक्ताचं शरीर, घर किंवा सही मागतो त्याच्याकडून उठून जावं, आणि गरज पडली तर पोलिसांत जावं.

मुलाने माळ घेतली, तासन्‌तास जप करतो, घरात लक्ष नाही. आम्ही काय करावं?

आधी त्याच्यावर ओरडणं थांबवा. माळेत वाईट काही नाही. मांसाहार सुटला, पहाटे उठायला लागला, यात तुमचं काय गेलं? आणि मुलाला मी पुंडलिकाची आठवण देईन. आपला देव अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे तो कशामुळे? पुंडलिक आईबापाचे पाय चेपत होता, देव दारात आला तरी उठला नाही, वीट सरकवली आणि थांब म्हणाला. आई दवाखान्यात एकटी जात असेल आणि मुलगा माळ ओढत असेल, तर त्याने पंढरीचं मूळच वाचलं नाही.

सकाळी सहाची लोकल, रात्री नऊला घरी. भक्ती कधी करू?

जनाबाईंना सुट्टी नव्हती. सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, कांदा, मुळा, भाजी यातच त्यांना विठाई दिसली. मुंबईच्या डब्बेवाल्यांत माळकरी किती आहेत बघा. मावळ, खेड, जुन्नरकडची माणसं, डोक्यावर टोपी, हातगाडीवर डबे, तोंडात नाम. लोकलमधली भजनी मंडळं तर आपण सगळे जाणतो. एकाच्या हातात टाळ, दुसरा डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतो, दादर आलं की उतरणारा चाल न मोडता उतरतो. (ज्यांना त्रास होतो त्यांनी सांगितलं तर आवाज कमी करावा. तेही भजनच.)

नऊ प्रकारच्या भक्तीपैकी कोणती करावी?

जी जमेल ती. श्रवण, कीर्तन, स्मरण अशी ही यादी प्रल्हादाने शाळेतून घरी आल्यावर बापाला म्हणून दाखवली होती. एक धरली की बाकीच्या मागून येतात.

सुरुवात कुठून करू?

हरिपाठापासून. सत्तावीस अभंग, घाई न करता म्हटले तरी अर्ध्या तासात होतात. पाठ नसतील तर मोबाइलवर बघून म्हणा. महिनाभराने भागवताचा दहावा स्कंध मराठी अर्थासह उघडा आणि बत्तिसावा अध्याय वाचा; अकराव्यासाठी नाथांचं भागवत आहेच. वडाळ्याला आषाढीला जरूर जा, पण एकदा साध्या दिवशी, दुपारी गर्दी नसताना जा. तिथे गेल्यावर काही मागायचं झालं तर मागा. लाजू नका. पुढच्या वेळी मागायच्या आधी त्याचा चेहरा नीट बघा.